भाव मोबाईलवर, वजन दारात

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की आमच्या गल्लीत हातगाडी घेऊन येणारे भंगारवाले काका हल्ली दिसत नाहीत आणि परवा ॲपवरून रद्दी दिली, तर त्या दोन ओळींवर एवढी पत्रं आणि मेसेज आले की म्हटलं जाऊ दे, यावेळचं सदर याच्यावरच करूया. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, काहींचे प्रश्न एकात एक घातलेत, राग मानू नका.

ॲपवर रद्दीचा भाव 14 रुपये किलो दाखवत होता म्हणून पिकअप बुक केला. आलेल्या मुलाने पेपर एकीकडे केले, मासिकं, गाईडं आणि पिझ्झाचे खोके दुसरीकडे, आणि म्हणाला "हे मिक्स आहे मॅडम, याला 8." आमचा नेहमीचा रद्दीवाला सगळं सरसकट 12 ने न्यायचा. ही फसवणूकच ना? (एक वाचिका, कर्वेनगर)

फसवणूक नाही म्हणता येणार, पण आधी न सांगता दारात येऊन सांगणं हे काही बरोबर नाही, तुमचा राग मला कळतो. झालंय काय, की तो 14 चा भाव फक्त स्वच्छ, घडी घातलेल्या वर्तमानपत्राचा असतो. असा पेपर पिशव्या आणि पुड्या करणारे घेतात, त्यातून उरलेला मिलमध्ये लगद्याला जातो. मासिकाच्या गुळगुळीत कागदावर मातीसारखा एक थर असतो, म्हणजे किलोभर मासिकात कागदाचा धागा कमीच निघतो, आणि पिझ्झाच्या खोक्याला तेल लागलेलं असतं, ते तर लगद्यातही कुणाला नको असतं. तुमचा जुना रद्दीवालाही हे सगळं वेगळं करतच होता, फक्त तुमच्यासमोर नाही तर स्वतःच्या दुकानात, आणि त्याने ती मेहनत आणि तो तोटा 12 मध्ये आधीच धरलेला असायचा. ॲपने यादी दाखवली आणि निवडायचं काम दारात आणलं, एवढाच फरक.

पण खरं सांगू का, आपण भावावर भांडतो आणि काट्याकडे पाठ करून चहा टाकायला आत जातो. जरा हिशोब करून बघा. तुमच्याकडे 40 किलो रद्दी आहे. 12 रुपयांनी सरळ वजन केलं तर 480 रुपये. दुसरा कुणी 14 देतो पण किलोमागे 150 ग्रॅमची काटामारी करतो, म्हणजे 40 चे 34 किलोच भरतात, त्याचे झाले 476. भाव दोन रुपयांनी जास्त आणि पैसे चार रुपयांनी कमी, आणि आपण मात्र खूष की बघा मी कसा चांगला रेट काढला.

पूर्वी तागडीत पासंग असायचा, पारड्याखाली चिंच नाहीतर मेण चिकटवलेलं असायचं, माझी आजी तर रिकामी तागडी उचलून दाखव म्हणायची आणि ती सरळ झाली की मगच रद्दी बाहेर काढायची. आता हूक लावलेला डिजिटल काटा असतो, आकडा लाल अक्षरात दिसतो म्हणून आपल्याला वाटतं की मशीन कशाला खोटं बोलेल. तर बोलतं. माझ्याच बाबतीत झालंय. मोबाईलवरूनच बोलावलेला एक माणूस होता, त्याच्या काट्यावर गठ्ठे 22 किलो भरले, आणि ते मी आदल्या रात्री घरच्या काट्यावर थोडे थोडे करून मोजले होते तर 27 भरले होते. विचारलं तर म्हणाला तुमचा काटा खराब आहे. मग मी एक लिटरच्या पाण्याच्या चार भरलेल्या बाटल्या पिशवीत घालून त्याच्या हुकाला लावल्या, चार किलोच्या वर काहीतरी यायला हवं, आलं साडेतीनच्याही खाली. तो काही न बोलता काटा खिशात घालून जिना उतरला. तेव्हापासून ती पिशवी दाराशीच असते माझ्या. कुठलाही व्यापारी काटा सरकारच्या वैधमापन (वजनमापं तपासणाऱ्या) विभागाकडून तपासून शिक्का मारलेला असायला हवा, इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी, तर शिक्का दाखव म्हणायला लाजू नका, माणूस ॲपचा असो नाहीतर हातगाडीचा.

बाथरूमचं काम काढलंय. प्लंबर म्हणतो जुने नळ मी घेऊन जातो, तुम्हाला कशाला पसारा. देऊन टाकू का? (एक वाचक, बिबवेवाडी)

अजिबात नाही! निदान बघितल्याशिवाय तरी नाही. जुने जड नळ वरून स्टीलसारखे चकचकीत दिसतात पण आत बरेचदा पितळ असतं, वरचं ते फक्त क्रोमचं पाणी. आमच्या त्या हातगाडीवाल्या काकांच्या शर्टाच्या खिशात दोऱ्याला बांधलेला एक लोहचुंबक असायचा आणि कमरेला एक छोटी कानस. वस्तू हातात घेतली की आधी नखाने टिचकी मारून आवाज ऐकायचे, मग चुंबक सोडायचा, चिकटला तर लोखंड, विषय संपला. नाही चिकटला तर कानस काढून कोपऱ्यावर एकदाच घासायचे आणि घासलेली जागा मला दाखवायचे, पिवळी निघाली तर "ताई, पितळ हाय," आणि राखाडी पांढरट निघाली तर तोंड वाकडं. एवढं सगळं दहा सेकंदात. ॲपवरून आलेला मुलगा मात्र असलेच नळ फोटो काढून 'मिक्स मेटल'मध्ये टाकत होता, त्याची चूक नाही, त्याला कंपनीने यादी दिलीय, कानस कुठे दिलीय.

तेव्हा घरातली कानस काढा, मागच्या बाजूला घासून बघा. पिवळं निघालं तर पितळाच्या भावाने द्या, आणि आतले प्लास्टिकचे, लोखंडाचे तुकडे आधी काढून ठेवा नाहीतर त्यांच्या नावाने वजन कापतात. आणि प्लंबरला राग येऊ नये म्हणून चहापाण्याचे पैसे वेगळे द्या, तो पुढच्या गळतीला पण लागणारच आहे.

जुना सोफा विकायला साईटवर टाकला, 6000 किंमत लिहिली. अर्ध्या तासात एकाचा फोन, मी आर्मीत आहे, खडकीला पोस्टिंग आहे, सोफा नक्की केला, ॲडव्हान्स पाठवतो. त्याने क्यूआर कोड पाठवला, स्कॅन करून पिन टाकला तर माझ्याच खात्यातून 6000 गेले. बायकोला अजून सांगितलेलं नाही. (नाव नको, विश्रांतवाडी)

आधी बायकोला सांगा. खरंच सांगते, लाजेपायी गप्प बसण्यातच वेळ जातो आणि इथे वेळेलाच किंमत आहे. 1930 हा सायबर फसवणुकीचा सरकारी हेल्पलाईन नंबर आहे, तिथे फोन करा, बँकेला कळवा, जितकं लवकर कळेल तितकी ती रक्कम पुढे सरकायच्या आत अडकवता येण्याची शक्यता जास्त. तो स्क्रीनशॉट, नंबर, चॅट काही डिलीट करू नका.

आणि बाकीच्यांसाठी, यूपीआयवर पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. कधीच नाही. पिन लागतो तो पैसे द्यायला. समोरचा किती का गोड बोलेना, "पैसे जमा व्हायला पिन टाका" हे वाक्य आलं की फोन ठेवायचा. काहीजण आधी खरंच एक रुपया पाठवतात, विश्वास बसावा म्हणून, आणि मग मोठा कोड. लष्कराचं नाव घ्यायची ही युक्ती सगळीकडेच चालते, पण पुण्यात ती जास्त पचते कारण आपल्याकडे खडकी, कॅम्प, देहूरोड असे लष्करी छावण्यांचे भाग आहेत आणि खरेच लष्करातले शेजारी असतात. मला विचाराल तर संशयाची जागा आणखी आधीची आहे. सोफा बघायला न येता, घासाघीस न करता सांगितलेल्या किमतीला हो म्हणणारं गिऱ्हाईक पुण्यात जन्मलेलंच नसतं.

वडिलांच्या वेळचा तांब्याचा बंब आणि दोन घंगाळं आहेत. भंगारवाला तांब्याच्या भावाने मागतो तोही 'मोड' म्हणून कापून. सूनबाई म्हणतात की इंटरनेटवर असे बंब अँटिक म्हणून तिप्पट चौपट किमतीला आहेत. कोणाचं ऐकू? (एक काका, नारायण पेठ)

काका, दोघंही अर्धं अर्धं खरं सांगतायत.

भंगारवाला कापतो ते का, तर बंबात सगळंच तांबं नसतं. तोटी पितळेची, खालची जाळी लोखंडाची, सांध्यांना डाग (वितळवलेल्या धातूचा जोड) दिलेला, आणि आत वर्षानुवर्षं पाणी तापून चुन्याचा जो पांढरा थर बसतो तो पण तांब्याच्याच वजनात जाणार असतो. तेव्हा तो थोडं कापेल, पण किती कापायचं याला काही लेखी नियम नाही, म्हणून आधी तुम्ही स्वतः तोटी आणि जाळी सुटी करा, तिन्हीचं वेगवेगळं वजन करायला लावा, मग त्याला कापायला फारसं काही उरत नाही. भांड्यांच्या दुकानात मोड देऊन नवीन भांडं घेतलं तर तिथे हिशोब वेगळा बसतो, बोहरी आळीकडे एक चक्कर मारा, एका दुकानात विचारून लगेच देऊन येऊ नका.

आता सूनबाईंचं. मोबाईलवर दिसतो तो मागितलेला भाव असतो, मिळालेला नाही. मी एक घंगाळ तसंच्या तसं त्याच फोटोसकट आठ महिने विक्रीला बघतेय, दर थोड्या दिवसांनी हजार रुपयांनी खाली येतंय. पण गिऱ्हाईक असतं हेही खरं, हॉटेलवाले, फार्महाऊसवाले, फ्लॅटच्या कोपऱ्यात मनीप्लांट लावायला घंगाळ हवंय म्हणणारे. त्यांना आकार हवा असतो, मठाराच्या, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांच्या, खुणा दिसायला हव्या असतात, काठावर ठिपक्या ठिपक्यांनी कोरलेलं नाव असेल तर जास्तच आवडतं. म्हणजे तुमच्या वडिलांचं नाव, जे भंगारात शून्य रुपयांचं असतं, ते इथे पैसे मिळवून देतं, थोडं विचित्र वाटतं मला पण असो. विकायच्या आधी चिंच लावून लख्ख घासू नका, जुनेपणाचा रंग जातो आणि मग ते नव्यासारखं दिसतं, नव्याला कोण जास्त देणार.

कसब्यात तांबट आळीत एकदा दाखवून आणा. ठोक्याचा आवाज अजून येतो तिथे. चेपलेलं सरळ करून मिळालं तर विकायचा विचार बदलूही शकतो तुमचा, आणि नाही बदलला तरी वस्तू किती जाड पत्र्याची आहे हे हाताने काम करणाऱ्याकडून कळतं. एक मात्र लक्षात ठेवा, शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू असेल तर 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली ती देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळे परदेशातून कुणी "शिपिंग मी करतो" म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटलाय. एक कंपनी म्हणते सगळा सुका कचरा आम्हाला द्या, ॲपवर पॉईंट मिळतील, सोसायटीला पैसे मिळतील. पण सध्या कचरा न्यायला येणाऱ्या ताई म्हणतात, मग मी काय करू? सेक्रेटरी म्हणतात त्यांना महिन्याचे पैसे देतोच की. (एक वाचिका, वारजे)

हे पत्र मी तीनदा वाचलं. सेक्रेटरींना एक गोष्ट माहीत नसावी, कचरा नेणाऱ्या ताईंचं उत्पन्न दोन ठिकाणांहून येतं, एक घरामागे मिळणारे पैसे आणि दुसरं त्या सुक्या कचऱ्यातून निवडलेला पुठ्ठा, बाटल्या, पत्रा विकून. दुसरं काढून घेतलं की उरतो फक्त ओला कचरा आणि डायपर. वास त्यांना आणि पैसे ॲपला, असा तो करार होतो.

आणि पुण्यात हे करताना तरी जरा विचार करावा कारण या बाबतीत आपलं शहर खरंच पुढे होतं. 1993 साली इथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, बाबा आढावांसारखी माणसं त्यात होती, कचरा वेचणाऱ्या बायका म्हणजे चोर नाहीत, कामगार आहेत, हे म्हणायला ती संघटना लागली. पुढे त्यांना महापालिकेने मान्य केलेली ओळखपत्रं मिळाली, आणि त्यातूनच 'स्वच्छ' ही त्यांचीच सहकारी संस्था आली जी 2008 पासून महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करते. तुमच्याकडच्या ताई बहुतेक त्यातल्याच असतील, विचारून बघा. म्हणजे कंपनी येऊन जे 'नवीन' सांगतेय, वेगवेगळं करून रीसायकलिंगला पाठवणं, ते या बायका कुठलंही ॲप यायच्या कितीतरी आधीपासून करतायत, फक्त त्यांचा लोगो नव्हता.

ॲप वाईट आहे असं मी म्हणत नाही, मीही वापरते. पण मोठी रद्दी, जुना फ्रीज, कपाट हे आपण तसंही कचऱ्यात टाकत नव्हतो, विकतच होतो, ते हवं तर ॲपला द्या. रोजच्या डब्यात पडणारा पुठ्ठा आणि बाटल्या ताईंच्या. ऑनलाईन खरेदीने खोक्यांचा ढीग वाढलाय, त्यात त्यांचा चार पैसे फायदा झाला तर पॉईंटवाल्यांच्या पोटात का दुखावं? मीटिंगमध्ये ताईंनाच बोलवा ना, त्यांच्याबद्दल ग्रुपवर चारशे मेसेज झाले असतील आणि त्या ग्रुपमध्ये त्या नसणार.

जुने तीन मोबाईल आणि एक बंद लॅपटॉप ड्रॉवरमध्ये पडलाय. भंगारवाला सगळ्याचे मिळून 300 म्हणतो. (एक वाचक, पिंपळे सौदागर)

300 चं सोडा, त्यात तुमचे फोटो आणि बँक आहे. चालू होत असेल तर अकाऊंटमधून बाहेर पडा आणि मग फॅक्टरी रीसेट, सिम आणि कार्ड काढा. लॅपटॉप बंद असला तरी आतली हार्ड डिस्क ठीक असू शकते, दुरुस्तीवाल्याकडून काढून घ्या, दोन स्क्रूचं काम असतं. फुगलेली बॅटरी असेल तर तिला टोचू, दाबू नका, कचऱ्याच्या डब्यात तर अजिबात टाकू नका, पेट घेतात त्या. हे सगळं नोंदणी असलेल्या ई-कचरा घेणाऱ्याला द्या, पैसे कमी मिळाले तरी चालेल. गल्लीबोळात सर्किट जाळून आणि ॲसिडमध्ये टाकून धातू काढतात, तो धूर कुणाच्या तरी लेकराच्या नाकात जातो.

जुनी पुस्तकं किलोवर द्यायला जीव होत नाही. (एक शिक्षिका, सहकारनगर)

नका देऊ. अभ्यासाची असतील तर अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं, तेही अभ्यासक्रम बदलायच्या आत. बाकीच्यांचा एक फोटो मोबाईलवर टाकून 'येऊन घेऊन जा' लिहा, मी लिहिलं होतं तर एक मुलगा हडपसरहून बसने आला, दोन पिशव्या भरून नेल्या आणि वर मलाच चिवडा देऊन गेला.

बाबांची बजाज चेतक पार्किंगमध्ये दहा वर्षं उभी आहे. सोसायटी म्हणते हलवा. भंगारवाला उचलून न्यायला तयार आहे, लगेच पैसे देतो. (एक वाचक, आकुर्डी)

जिथे चेतक बनायची त्या आकुर्डीत राहून चेतक भंगारात, काय म्हणू! बरं. किलोवर बघायला गेलं तर ती साधारण शंभर किलोची, बॉडी सगळी पत्र्याची, म्हणून वजनाला बरी भरते, तेवढ्यासाठीच तो घाई करतोय. पण गाडी म्हणजे रद्दी नाही, आरटीओच्या कागदावर ती अजून बाबांच्या नावावर आहे, आणि उद्या तिचा नंबर किंवा चासी कुठे भलतीकडे सापडली तर फोन तुम्हाला येणार. 2021 च्या नियमांपासून यासाठी नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रं आहेत, अर्ज ऑनलाईन होतो, गाडी जमा केली की सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं आणि मग नोंदणी रद्द करून घ्यायची, पावती जपून ठेवायची. बाबा हयात नसतील तर वारसाचे कागद आधी तयार करा, खरी पायपीट त्यातच आहे.

त्याच्या आधी एकदा चेतकप्रेमींच्या एखाद्या ग्रुपवर फोटो टाकून बघा. कागद चांगले असतील तर घासूनपुसून चालू करणारे वेडे आहेत पुण्यात आणि ते किलोच्या हिशोबात बोलत नाहीत. तिथेही नावावर करून दिल्याशिवाय किल्ली द्यायची नाही.

आणि डिकीत हात घालून बघा. आमच्या बाबांच्या गाडीत प्लग काढायचा पाना, तेलाने माखलेलं फडकं आणि पेट्रोलची 1994 ची पावती निघाली होती. फडकं टाकलं. पाना अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, कशाला ते विचारू नका.